खंडूमामांकडे सगळा जिल्हा जेवताना आहे

मुलीची पाठवणी सुरू झाली, की खंडूमामा कॅमेऱ्याला टोपण लावतात. नवरी आईच्या गळ्यात पडलेली असते, आत्यानं पदराचा बोळा तोंडात धरलेला असतो, नवरीचा बाप मांडवाच्या खांबाला टेकून नाक ओढत असतो. लग्नाच्या शूटिंगवाल्याची हीच खरी सुगी. आणि नेमका त्याच वेळी आमचा हा शूटिंगवाला आचाऱ्याकडं जाऊन चहा मागतो.

यावरून झालेली भांडणं मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. घनसावंगीकडच्या एका लग्नात नवरीच्या चुलत्यानं मामांची कॉलर धरली. त्याचं म्हणणं असं, की आम्ही अख्खं घर एवढं रडलो आणि शूटिंगमध्ये एक टिपूस नाही. उद्या सोयरे म्हणतील, पोरगी यांना जड झाली होती. मामांनी कॉलर सोडवून घेतली, शर्ट झटकला आणि म्हणाले, "पाव्हणं, रडल्यालं ज्याचं त्याच्या ध्यानात ऱ्हातंय. त्याला शूटिंग कशाला लागतंय? तुम्हाला जेवताना काढलंय, ते बघा. बिलकुल नॅचरल आलेत तुम्ही."

चुलता आणखी चिडला. पण पुढं त्याच्याच पोराच्या लग्नात कॅमेरा मामांचाच होता. कारण पाठवणी कुणीही काढतं. पंगत मामांसारखी कुणाला काढता येत नाही.

पंगत हा मामांचा धर्म आहे. नवरदेव घोड्यावरून पडला तरी चालेल, पण पंगतीतला एक माणूस सुटता कामा नये. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरून ते ओळीच्या एका टोकाला बसतात आणि बेडकासारखे सरकत सरकत दुसऱ्या टोकाला निघतात. तोंडात घास असलेला माणूस कॅमेरा पाहून थिजतो. मग मामा ओरडतात, "खा, खा. थांबू नका. बिलकुल नॅचरल." माणूस बिचारा नॅचरल चावायला लागतो, तर म्हणतात, "असं न्हाई, जरा हासून चावा."

मी एकदा विचारलं, की मामा, माणसाला धड जेवू द्याल की नाही? त्यावर त्यांनी त्यांच्या आज्याचं सांगितलं. मामा धनगराचे. आजा मेंढरं घेऊन गोदाकाठानं हिंडायचा. दिवस मावळायला मेंढवाड्यात ती मोजून घ्यायचा, आणि एक जरी कमी भरलं तरी भाकरीला हात लावायचा नाही. "म्या वऱ्हाड मोजून राह्यलो," मामा म्हणाले. "मेंढरं असू दे न्हाईतर माणसं. एक बी सुटलं न्हाई पाहिजे."

या हिशोबानं आष्टी-परतूरपासून पार जाफराबादपर्यंतची माणसं मामांच्या कॅसेटमध्ये जेवत बसलेली आहेत. मास्तर, कंडक्टर, सरपंच, होऊन गेलेले सरपंच, पडलेले सरपंच, सगळे. मागच्या निवडणुकीत आमच्याकडचे दोन उमेदवार एकमेकांना सात पिढ्यांचे वैरी म्हणून सभा गाजवत होते. मला पक्कं ठाऊक होतं, की दोघं एका लग्नात मांडीला मांडी लावून जेवले होते, आणि एकानं दुसऱ्याच्या पानात स्वतःची पुरी टाकली होती. मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. हा पुरावा म्हणजे पत्रक नाही, बॉम्ब होता. मी मामांकडं तेवढा तुकडा मागितला.

मामा म्हणाले, "न्हाई."

मी लोकशाही, जनतेचा अधिकार, सत्य वगैरे सगळं काढलं. मामांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, जेवल्या माणसाची बदनामी मी करत न्हाई. मी त्यांना प्रस्थापितांचे दलाल म्हटलं. त्यांनी मला चहा पाजला. मामांवर रागावणं फार अवघड काम आहे, पण मी ते चिकाटीनं करत आलेली आहे.

त्यांचं दुकान आष्टीच्या बाजारात, खताच्या दुकानावरच्या माडीवर. 'यळकोट व्हिडिओ शूटिंग' अशी पाटी. खिसेच खिसे असलेलं एक जाकीट मामा बारा महिने घालतात, आणि त्या खिशांत बॅटरीपेक्षा बडीशेप जास्त असते. नव्या पोरांसारखं लग्नाआधीचं शूटिंग ते करत नाहीत. नवरा-नवरीनं तळ्याकाठी एकमेकांकडं बघत फिरायचं, यात त्यांना काडीचा रस नाही. "आजून कोणी जेवलंच न्हाई, तर काढू काय?" असा त्यांचा प्रश्न. ड्रोन एकदा भाड्यानं आणला होता. वरून नुसती टाळकी दिसतात, कोण जेवून राह्यलं ते कळत न्हाई, म्हणून परत केला.

आमच्या बौद्ध वस्तीतली लग्नंही मामाच काढतात. इतकी काढलीत, की त्यांना सगळा विधी पाठ आहे. जाफराबादच्या एका लग्नात भंतेजींना ठसका लागला, तर मामांनी कॅमेऱ्याआडून पंचशील पुढं चालू ठेवलं आणि नवरा-नवरी मुकाट्यानं त्यांच्या मागं म्हणत राहिली. भंतेजी पाणी पिऊन आले तेव्हा हे शेवटाकडं पोचले होते.

अशा या माणसाला पुण्याच्या एका आर्ट गॅलरीसाठी फिल्म काढायला मी घेतलं. का घेतलं, ते सांगते.

आमच्या भागात यशवंत पेंटर म्हणून एक कलावंत होऊन गेले. कलावंत हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण त्यांच्या हयातीत त्यांना कुणी तो लावला नाही. सगळे 'ओ पेंटर' म्हणायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती, लग्नघरावरचे हत्ती आणि चवरी ढाळणाऱ्या बाया, सगळं त्यांच्या हातचं. पण खरं काम विहारांमधलं. गावोगावच्या विहारांत भिंतीवर त्यांनी बुद्ध काढले. ते बुद्ध आमच्याकडच्या माणसांसारखे दिसतात. सावळे, रुंद नाकाचे, दुपारचं काम उरकून निंबाखाली निवांत बसल्यासारखे. आणि जयंतीला उभे करायचे रंगवलेले कापडी पडदे, घराएवढे. पुढं फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळायला लागलं आणि यशवंत पेंटरकडं येणारी वाट मोडली. चार वर्षांपूर्वी ते गेले. कुठल्याही पेपरात एक ओळ आली नाही. नंतर एका गावात त्यांचं भिंतीवरचं चित्र चुना मारून पुसलं आणि तिथं सिमेंटची जाहिरात रंगवली, तेव्हा मी 'भिंती कुणाच्या?' असं पत्रक काढलं.

ते पत्रक या फोनवरून त्या फोनवर जात पुण्याला पोचलं. गॅलरीच्या मॅडमचा मला फोन आला. गावाकडच्या पेंटरांच्या कामाचं एक प्रदर्शन त्या भरवत होत्या. प्रत्येक चित्रकारावर एक छोटी फिल्म हवी होती, चित्रांशेजारी पडद्यावर सतत चालत राहील अशी. वारसा हा शब्द त्या फार वापरत. फिल्म बघून त्यांची समिती ठरवणार होती, की यशवंत पेंटरना अख्खं दालन द्यायचं की पॅसेजमध्ये दोन चित्रं लावायची.

हे मी यशवंत पेंटरच्या बायकोला, कौसाआत्याला, जाऊन सांगितलं. आत्या भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. खाटेमागं पडद्यांच्या गुंडाळ्या उभ्या होत्या, जुन्या लुगड्यांत बांधलेल्या. तिनं मला एक जुनी गोष्ट सांगितली. पेंटर भर उमेदीत असताना यांतली एक गुंडाळी खांद्यावर घेऊन यष्टीनं पुण्याला गेले होते. कुठल्याशा गॅलरीच्या फाटकात वॉचमननं त्यांच्या कपड्यांवरचे रंग बघितले आणि म्हणाला, रंगकामवाल्यांनी मागच्या दारानं यायचं. पेंटर तसेच परत आले. आल्यावर त्यांनी वॉचमनची नक्कल करून सगळ्या गल्लीला हसवलं.

"म्या न्हाई हासले," आत्या म्हणाली. "तू त्या बाईला सांग. पॅसेजमधी न्हाई. आख्खं दालन पाहिजे. न्हाईतर या गुंडाळ्या इथंच बऱ्या."

आता दालन फिल्मवर आणि फिल्म कॅमेऱ्यावर. माझ्याकडं कॅमेरा नव्हता, आणि ज्याच्याकडं होता तो पेंटरचा जिवलग दोस्त होता. मामांना विचारलं तर ते लगेच बॅटरी चार्जिंगला लावायला उठले.

पहिल्याच दिवशी मला घाम फुटला. आत्याच्या दारात मामा लग्नाचे दोन्ही लाइट घेऊन हजर. त्यांनी सगळी गल्ली गोळा केली. पडद्यांच्या गुंडाळ्या एकेक उघडल्या आणि प्रत्येक पडदा दोन-दोन नातेवाइकांच्या हातात देऊन, आहेर दाखवतात तसा कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. धरणाऱ्यांनी हसायचं. मग पुढचे दोघं. आत्याला उंबऱ्यातून बाहेर येताना तीनदा काढलं. पहिल्यांदा पदर वाऱ्यानं उडाला, दुसऱ्यांदा शेळी मधी आली. तिसऱ्यांदा आत्या म्हणाली, "भाऊजी, आता म्या घरातच ऱ्हाते, तुमी शेळीला काढा."

विहारांमध्ये तर बघायलाच नको. बुद्धाचं चित्र काढायचं तर एकट्या बुद्धाला काढायला मामा तयार नाहीत. चित्राखाली गावातली माणसं पाहिजेत. जाफराबादकडं एका गावात त्यांनी रस्त्यावरून जाणारी काळीपिवळी जीप थांबवली आणि आतली सगळी माणसं उतरवून भिंतीपुढं उभी केली. त्यांतल्या एकाही माणसाचा यशवंत पेंटरशी संबंध नव्हता. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हे म्हणतायत, जल्दी न्हाई करायची, एक बी सुटलं न्हाई पाहिजे.

पहिला कच्चा तुकडा मी बघितला. यशवंत पेंटरचा आधारकार्डावरचा फोटो बदामाच्या आकारात गोल गोल फिरत आला. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मागं सनई. शेवटी दोन कबुतरं उडाली आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढी अक्षरं येऊन गेली, कारण ती मामांच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होतीच.

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. सनई गेली, पाकळ्या गेल्या, कबुतरं गेली. बदामासाठी मामा दोन दिवस झुंजले. अखेर तोही गेला.

खरं भांडण पुढं झालं. मॅडमचा फोन आला, की काही पाठवा. मी थोडं पाठवलं. त्या म्हणाल्या, छान आहे, पण यात वेदना दिसत नाही. कलावंताच्या पत्नीशी बोला, तिचं दुःख येऊ द्या. आणि लपवून काय करू, मलाही तेच हवं होतं. माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. एका कलावंताला फाटकातून हाकलणाऱ्या व्यवस्थेच्या तोंडावर त्याच्या विधवेचे अश्रू फेकायचे, आणि तेही त्यांच्याच गॅलरीत.

म्हणून आत्याला खाटेवर बसवलं आणि मी तिला पुण्याच्या फाटकाची गोष्ट पुन्हा विचारली. ती सांगायला लागली. पेंटर परत आले तेव्हा त्यांनी गुंडाळी न सोडता खाटेमागं उभी केली, इथपर्यंत आली आणि तिचा आवाज फुटला. डोळे भरले. मला वाटलं, मिळालं दालन.

टक् असा आवाज आला. मामांनी टोपण लावलं होतं.

मी म्हटलं, "मामा, चालू ठेवा."

"न्हाई."

"हे लग्न नाही मामा. हा पुरावा आहे. तुम्ही सत्य दडपताय."

"दडपू दे."

मी माझा मोबाइल काढला. मामा उठले आणि माझ्या मोबाइलसमोर आडवे उभे राहिले. खिसेच खिसे असलेलं ते जाकीट, त्यापलीकडं मला काही दिसेना. मी आवाज चढवला. तुमच्या हट्टापायी पेंटर आता पॅसेजमध्ये जाणार, त्याला जबाबदार तुम्ही, असं मी तोंडावर सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. पण ते हलले नाहीत.

तेवढ्यात आत्यानं डोळे पुसले आणि दोघांनाही गप बसायला सांगितलं. ती म्हणाली, "कशावर भांडून राह्यले? तुमाला माझं रडणं पाहिजे का नको, त्याच्यावर. मला काय पाहिजे ते कुणीच इचारंना. मला त्यांचं हासणं पाहिजे. आधारकार्डावर हायेत का हासल्याले? तसे नव्हते वो ते. लई हासायचे. दालनात माणसं येतील न् त्या फोटोकडं बघून म्हणतील, हा कोण पंचनामा करायला आल्यावाणी बसलाय."

मामा माझ्या मोबाइलसमोरून बाजूला झाले. मग म्हणाले, "वैनी, माझ्याकडं हाये. जेवताना."

तिथून पुढचा आठवडा आम्ही माडीवर कॅसेटी बघत काढला. खाली खताचा वास, वर पत्र्याचा ताप, मध्येच लाइट जायची. मामांनी कापडात बांधून ठेवलेला जुना व्हीसीआर काढला. लग्नामागून लग्न. मुंडावळ्या, घोडे, बॅन्डवाले, आणि पंगती, पंगती, पंगती. मी एवढी माणसं जेवताना आयुष्यात पाहिली नव्हती. सुरुवातीला मी घड्याळ बघत होते. मग हळूहळू काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. माझा मेलेला चुलता सापडला, वांग्याची भाजी पुरीत गुंडाळताना. शाळेतल्या बाई सापडल्या, तरुण, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून हसताना. मामा प्रत्येकाला नावानं ओळखत होते. हा गेला. ही गेली. हा सुरतेला. हा आजून हाये पण दात न्हाईत.

आणि मग यशवंत पेंटर सापडले. पंगतीच्या कडेला, शर्टावर निळा रंग, मांडी घालून बसलेले. शेजाऱ्याला काहीतरी सांगतायत आणि शेजारी हसून हसून पाण्याचा पेला सांडतोय. कॅमेरा सरकत जवळ येतो. पेंटर इकडंतिकडं बघतात, पानातली जिलबी उचलतात, कागदात गुंडाळतात आणि हळूच शर्टाच्या खिशात ठेवतात. मान वर करतात, तर समोर कॅमेरा. पकडलं गेल्यावर ते असे हसले, की टीव्हीकडं बघून मीही हसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मामांना खुणावलं, बोलू नको.

मामांनी तो तुकडा मागं नेऊन पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग "आणखी असतील" म्हणून कपाटाच्या तळातून मूठभर कॅसेटी काढल्या, आणि त्यांतली एक उचलून बाजूला ठेवली. मी विचारलं, ही का नको? म्हणाले, ही घरातली हाये, यात पेंटर न्हाई. मी म्हटलं, असतील कदाचित. प्रश्न सोडून देणं मला शिकवलेलं नाही. मी ती घातली.

मामांच्या पोरीचं लग्न होतं. कॅमेरा स्टँडवर ठेवलेला, एका जागी गाडलेला, कारण मामा त्या दिवशी नवरीचे बाप होते. पाठवणी चालू होती. हिरव्या लुगड्यातली एक बाई पोरीला धरून रडत होती. कॅमेरा हलत नव्हता आणि ती रडायची थांबत नव्हती.

मामांनी सांगितलं, ही रुक्मिण. मला मामीचं नाव ठाऊक होतं, बाई आठवत नव्हती. मी शाळेत असतानाच ती गेली. मामांच्या प्रत्येक लग्नात लाइट तीच धरायची. जड हॅलोजन, वर हात करून, मामांच्या मागं उभी. सगळे जेवून उठले, लाइट बंद झाला, की मग कुठंतरी आचाऱ्यापाशी बसून जेवायची. मामा कॅमेरा पिशवीत घालत असायचे तेव्हा.

"सगळा जिल्हा जेवताना हाये माझ्याकडं," मामा म्हणाले. "ही न्हाई. हिची शूटिंग एवढीच."

मी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"बघू वाटलं की लावतो," ते म्हणाले. "लावली की रडती."

त्यांनी उठून कॅसेट काढली, कव्हरात घातली आणि मला म्हणाले, वैनीला बोलाव, ऊन उतरलंय.

आत्या आली. तिला टीव्हीसमोर बसवलं. जिलबी खिशात गेली तेव्हा ती पुढं वाकली. ओठांवर बोट आलं तेव्हा तिनं मांडीवर थाप मारली आणि हसायलाच लागली, "आगं बाई, घरी आणल्याल्या जिलबीला रंगाचा वास यायचा, न् म्या आचाऱ्याला शिव्या द्यायची." हसता हसता ती खुर्चीतून घसरली. मामा कॅमेरा घेऊन टीव्हीच्या बाजूला केव्हा गेले ते मला कळलंही नाही. आत्याला त्यांनी हासा म्हटलं नाही, वर बघा म्हटलं नाही. नॅचरल हा शब्दही त्या दिवशी आला नाही.

तीच फिल्म आम्ही पाठवली. भिंती, पडदे, काळीपिवळीतली ती उगाच उभी केलेली माणसं, जिलबी आणि शेवटी आत्या. मॅडमचा फोन आला, की सुंदर आहे, पण वेदना अजूनही नाही. मी उत्तर लिहायला बसले होते आणि पहिल्याच वाक्यात सरंजामी हा शब्द दोनदा आला होता. मामांनी फोन माझ्याकडून घेऊन सरळ मॅडमना लावला. विचारलं, जेवण झालं का? झालं नव्हतं. "मंग जेवा निवांत," मामा म्हणाले, "आन् मंग तुमच्या सगळ्या समितीला एका जागी बसवून बघा. एकेकट्यानं बघायची चीज न्हाई ती."

त्यांनी तसं बघितलं असावं. दालन मिळालं. अख्खं.

उद्घाटनाला आम्ही तिघं पुण्याला गेलो. पुढच्या दारानं. पडदे छतापासून जमिनीपर्यंत सोडले होते. मी ते कायम लोकांच्या डोक्यांवरून बघितलेले. एवढ्या शांततेत आणि एवढ्या जवळून कधी नाही. माणसं येत होती, चष्मे वर करून वाचत होती, फिल्मपाशी थांबून हसत होती. वेदनेवर भिंतीवर एक परिच्छेद लिहिला होताच. तो कुणी वाचत नव्हतं, हे मी नमूद करते. मामा प्रत्येक पाहुण्याला कॅमेऱ्यात घेत होते.

आत्या मात्र दिवसभर फिल्मच्या पडद्यासमोरच्या बाकावर बसून होती. फिल्म संपायची, पुन्हा सुरू व्हायची, पेंटर पुन्हा जिलबी चोरायचे, आणि ही पुन्हा हसायची. संध्याकाळी गर्दी पांगली. मामा दमून तिच्याशेजारी येऊन टेकले.

तिनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "भाऊजी, रुक्मिणीची हाये का वो अशी?"

"हाये एक," मामा म्हणाले. "रडतानाची."

आत्यानं वळून बघितलं. "रडतानाची? रुक्मिणीची?" तिला ते पटेच ना. "ती कवा रडायची? ती तर तुमच्या माघारी नुसती हासायची."

मामा म्हणाले, माझ्या माघारी म्हंजे?

आता आत्या बाकावरून उठली. म्हणाली, तुमी समोर बघायचे, तुमाला काय दिसणार. तिनं पदर खोचला, एक डोळा मिटला, मुठीचा कॅमेरा करून डोळ्याला लावला, गुडघ्यात वाकली आणि बेडकासारखी दोन पावलं सरकत गेली. "खा, खा. थांबू नका. आसं न्हाई, हासून चावा." हुबेहूब मामा. नाकातून येणारा तो आवाजसुद्धा. "आशी करायची ती. एका हातात तुमचा लाइट, न् दुसऱ्या हातानं हे. आमी समद्या बाया पोळ्या लाटायचं सोडून तिलाच बघायचो. तुमी मागं वळलात की लगीच सरळ, गरीब गायीवाणी. पंगतीतली माणसं जेवताना हासायची न्हवं? तुमाला काय वाटलं, ती तुमच्यामुळं हासायची?"

मामांनी कॅमेरा बाकावर ठेवून दिला. त्यांना आधी हसू आलं नाही. ते आत्याकडं बघत होते. मग खांदे हलायला लागले.

"वैनी," ते म्हणाले, "एक बार आजून करा."

आत्यानं केलं. या वेळी त्यात त्यांची बडीशेप चावायची लकबही आली. मामा हसत होते आणि हातानं तिला थांब थांब करत होते, आणि ती थांबली तर म्हणत होते, थांबू नका. चहा घेऊन आलेल्या मॅडम कोपऱ्यात तशाच उभ्या राहिल्या.

हसणं ओसरल्यावर मामांनी जाकिटाच्या बाहीनं तोंड पुसलं. बाकावर सरकून त्यांनी आत्याला जागा केली.

"आणखी काय करायची?" त्यांनी विचारलं.

आत्यानं मॅडमच्या हातातला कप घेतला, फुंकर मारली आणि बाकावर पाय वर घेऊन नीट मांडी घातली.

"सांगते," ती म्हणाली. "लई हाये."